उपासाला चालतो का?

बोईसरमध्ये मोठा आवाज झाला तर माणसं ‘काय झालं?’ असं विचारत नाहीत. ‘कुठली?’ असं विचारतात. कुठली कंपनी, एवढंच कळायचं बाकी असतं. मग गच्चीवर चढायचं, धुराचा रंग बघायचा, वारा कुठे वाहतोय ते बघायचं, घरचं माणूस त्या बाजूला कामाला असेल तर फोन लावायचा. फोन उचलला गेला की खाली उतरून अर्धी राहिलेली भाकरी खायची.

भगवंत गडदेला हे जमलं नाही. जत तालुक्यातून तो इथे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता मिशी पांढरी झाली होती. पण आवाज झाला की त्याची भाकरी तशीच राहायची. शेजारी हसायचे. म्हणायचे, “गडदे, आता तरी सवय होऊ दे.” सवय झाली नाही. भीती हे त्याचं जुनं दुखणं होतं आणि दमेकरी छाती सांभाळतो तशी त्याने ती सांभाळली होती. तिला गार वारा लागू द्यायचा नाही, तिला धावायला लावायचं नाही.

त्याची कंपनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आतल्या रस्त्यावर आहे. पोहण्याच्या तलावांचं पाणी स्वच्छ करायची दाणेदार पूड तिथे बनते, ड्रममध्ये भरली जाते, ड्रम कंटेनरमध्ये भरले जातात आणि कंटेनर जहाजाने परदेशी जातात. भगवंत लोडिंगचा सुपरवायझर. ड्रम नीट रचले ना, मधल्या फटींत लाकडं ठोकली ना, दाराला सील लागलं ना, हे बघणं त्याचं काम. त्या पुडीचं खरं नाव इंग्रजी आणि मालगाडीसारखं लांब होतं. शेवटचा डबा येईपर्यंत पहिला विसरायला व्हायचा. लोडिंगवर ते नाव कोणीच घेत नसे. पांढरे, गोल, टपोरे दाणे बघून कोणे एके काळी कोणीतरी म्हणालं असेल, साबुदाणा. तेच चिकटलं. रोज हाताने उचलायच्या वस्तूला स्वयंपाकघरातलं नाव दिलं की हात कमी थरथरतात.

तसं तिथे सगळ्यालाच खाण्याचं नाव होतं. धोक्याचा माल असला की कंटेनरच्या चारी अंगांना कोपऱ्यावर उभे केलेले चौकोनी कागद डकवावे लागतात, त्यावर ज्वाळेचं चित्र असतं. त्यांना म्हणायचे शंकरपाळ्या. त्या डकवायला ठकी होती. ती डोंगराकडच्या पाड्यावरून यायची आणि आवणीच्या दिवसांत भात लावायला परत जायची. सकाळी आली की आधी विचारायची, “दादा, आज शंकरपाल्या हायत का?”

साबुदाण्याचं एक होतं. त्याला ऊब सोसत नसे. फार वर्षांपूर्वी मे महिन्यात बॉयलरच्या भिंतीला टेकून एक ड्रम चुकून राहिला. काडी कोणी लावली नाही, ठिणगी कुठे पडली नाही. आधी नाकाला झोंबणारा वास आला, मग ड्रम फुगला, मग झाकण उडालं. विझवायला जो वेल्डर धावला त्याचा चेहरा भगवंतने नंतर दवाखान्यात एकदाच पाहिला आणि पुन्हा बघायला जायचं धाडस त्याला झालं नाही. तेव्हापासून त्याला पक्कं ठाऊक होतं की हा माल बंद, गरम जागेत आतल्या आत तापत जातो आणि एकदा तापायला लागला की कोणाचं ऐकत नाही. म्हणून जहाजावर त्याला वर उघड्यावर ठेवतात, इंजिनापासून लांब, वारा लागेल असा.

पण ते ठेवणं भगवंतच्या हातात नव्हतं. ते ज्ञानेश बघायचा.

ज्ञानेश मूळचा चिंचणीचा, समुद्राकाठच्या वाडीतला; पण आयुष्य न्हावा-शेव्याच्या बंदराजवळ एका एजंटच्या ऑफिसात गेलं. कंटेनर निघाला की भगवंत त्याला फोन लावायचा.

“काय भरलंस भगवंतराव?”

“साबुदाणा.”

“उपासाला चालतो का?”

“खाऊन बघ. कायमचा उपास घडंल.”

दोघं हसायचे. वर्षानुवर्षं एकच विनोद, आणि दोघांनाही तो शिळा वाटला नाही. हसून झालं की ज्ञानेश ते लांबलचक नाव आपल्या हाताने कागदावर लिहायचा, धोक्याचा शिक्का मारायचा आणि जहाजवाल्यांना सांगायचा, हा वर ठेवा. ते हसणं म्हणजेच तपासणी होती, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग ॲप आलं.

कंपनी आणि जहाजवाले आता थेट जोडले जाणार होते. मधला माणूस नको. एजंटचं ऑफिस बंद झालं, ज्ञानेश चिंचणीला परतला आणि वाडीतल्या चिकूंना पाणी घालू लागला. लोडिंगवर प्रत्येक सुपरवायझरच्या हातात एक मोबाइल आला. तो कसा वापरायचा हे शिकवायला हेड ऑफिसातून अपेक्षा नावाची अधिकारी आली. मुलगी हुशार, बोलायला मऊ. पण तिच्याबरोबर एक बातमीही आली होती. शेजारच्या शेडमधल्या ज्या दोन सुपरवायझरांना ॲप जमलं नाही, त्यांना ‘घरी आराम करा’ असं सांगण्यात आलं होतं.

भगवंत रोज लवकर येऊन मोबाइल हाताळू लागला. मोबाइलच्या काचेवर त्याचं जाड बोट टेकलं की भलतंच काही उघडायचं. मालाचं नाव टाकायला गेला की एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं आणि पडद्यावर लाल फुली उमटायची. लाल फुली दिसली की त्याला कानशिलात बसल्यासारखं वाटायचं. तो सुट्टीतही घरी बोटाने ताटावर अक्षरं गिरवायचा. साखरबाई, त्याची बायको, म्हणायची, “अवो, जेवा की आता. ताट पुसून काढलंसा.”

शेवटी अपेक्षाच म्हणाली, “गडदे काका, तुम्ही टाइप कशाला करता? हा माइक दाबा आणि बोला. मराठीत बोला. त्याला सगळ्या भाषा कळतात.”

“आमची बी?”

“तुमचीसुद्धा.”

त्या दिवशी कंटेनर भरून झाला. फोर्कलिफ्ट चालवणारा चंद्रभान, ठकी आणि अपेक्षा भोवती उभे होते. भगवंतने मोबाइल तोंडाजवळ धरला. ॲपमधल्या बाईने विचारलं, मालाचं नाव सांगा. भगवंतच्या तोंडून जे नाव उभ्या जन्मात अशा वेळी निघत आलं होतं तेच निघालं. गोल चक्र फिरलं, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. पहिल्या फटक्यात. एकाही चुकीविना.

अपेक्षा पडदा बघत नव्हती, ती त्याचा चेहरा बघत होती. तिने टाळ्या वाजवल्या. “बघा! उगाच घाबरत होतात.” त्याचा फोटो काढून तिने कंपनीच्या ग्रुपवर टाकला. चंद्रभान म्हणाला, “क्या बात है गडदेसाब, अब तो आप इंजिनियर हो गए.”

ठकी डिंकाचा डबा घेऊन उभी होती. “दादा, शंकरपाल्या?”

भगवंतने पडद्यावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं की या मालाला धोक्याची चिन्हं लागत नाहीत. नवीन पद्धत असेल, आता चिन्हंसुद्धा मोबाइलमधूनच जात असतील, असं त्याला वाटलं. हिरव्या खुणेवर शंका घेण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. ती मिळवायला त्याने किती जेवणं घालवली होती.

“नको म्हणतंय,” तो म्हणाला.

“बरा झाला,” ठकी म्हणाली. “हात तरी चिकट नाय व्हायचं.”

कंटेनर गेला. त्या रात्री भगवंतला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

संकष्टीच्या दिवशी दुपारी तो लोडिंगच्या शेडमध्ये एका उलट्या खोक्यावर बसून डबा खात होता. साखरबाईने खिचडी दिली होती, भरपूर दाण्याचं कूट घातलेली, बाजूला लिंबाचं लोणचं. दोन घास झाले असतील नसतील, मोबाइल वाजला. ॲपचा संदेश होता. ‘अभिनंदन! आपला माल जहाजावर चढला आहे.’ खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं. वाचायची त्याला आता थोडी सवय झाली होती, म्हणून त्याने वाचलं.

‘माल: साबुदाणा. प्रकार: खाद्यपदार्थ. जागा: डेकच्या खाली.’

त्याने घास गिळला. मग हातातल्या डब्याकडे पाहिलं. डब्यात तो होता. तुपात माखलेला, मऊ, चमकणारा, निरागस. आणि दुसरा तिकडे होता, जहाजाच्या पोटात, लोखंडाच्या बंद अंधारात, इंजिनाच्या उबेला. दोघांचं नाव एक. यंत्राने नाव ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. उपासाला चालतो का, असं विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

कस्टमचे कागद वेगळ्या वाटेने, बरोबर नावाने गेले होते. पण जहाजात कोणता डबा कुठे ठेवायचा ते या नोंदीवरून ठरलं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारे डोळे आता चिकूच्या झाडाखाली होते.

त्याने डबा बंद केला. खिचडीवर झाकण दाबताना त्याला भास झाला की आतून काहीतरी झाकण वर ढकलतंय.

पडद्यावर समुद्र होता, निळा, सपाट, आणि त्यात एक हिरवा बाण. ते जहाज. मुंबईकडून निघून ते उत्तरेला चाललं होतं. गुजरातच्या एका बंदरात थोडा वेळ थांबणार आणि तिथून उघड्या समुद्रात जाणार होतं. बाण आता त्यांच्याच किनाऱ्याला समांतर, खूप लांबून सरकत होता. म्हणजे वसई, वैतरणा, पालघर करत भगवंतच्या उशाजवळूनच तो जात होता. बाणात माणसं असणार. कोणी आत्ता जेवत असेल, कोणी वर दोरीवर कपडे वाळत घालत असेल. त्यांच्यापैकी कोणी धूर दिसला तर ‘कुठली?’ विचारणार नव्हतं. तिथे एकच होती, त्यांच्या पायाखालची.

त्याने ॲपमध्ये बदल करायची जागा शोधली. सापडली. दाबली. ‘बदल करण्याची मुदत संपली आहे.’ मदतीची जागा दाबली. ‘नमस्कार! मी तुमची काय मदत करू?’ असं आलं. त्याने माइक दाबून सांगितलं की मालाचं नाव चुकलंय. बाईच्या आवाजात उत्तर आलं, ‘आपली तक्रार नोंदवली आहे. आपला दिवस शुभ असो.’ त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा तो ओरडला. दिवस शुभ असो. त्या आवाजात राग नव्हता, कंटाळा नव्हता, काहीच नव्हतं. भगवंतने आयुष्यात पुष्कळ साहेब पाहिले होते, शिव्या देणारे, फाइल फेकणारे. पण शिवी द्यायला समोर माणूस लागतो. इथे दार होतं, दाराला कान होता आणि आत घर नव्हतं.

अपेक्षाला फोन लावला. ती मुंबईत मीटिंगला होती, फोन बंद.

चंद्रभान बिडी विझवून शेडमध्ये आला. भगवंतचा चेहरा पाहून म्हणाला, “क्या हुआ, घर में सब ठीक?”

भगवंतने सांगितलं. चंद्रभानने आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग आवाज खाली आणला.

“किसको बताया?”

“अजून कुणाला न्हाई.”

“तो चुप रहो. जहाज गया, बात गई. हर डिब्बा थोड़े ही जलता है.” तो फोर्कलिफ्टवर चढला आणि वरून म्हणाला, “सोच लो. नहीं जला तो किसी को पता नहीं चलेगा. बोलोगे तो पहले तुम ही जलोगे.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त भीतीदायक होतं. गप्प बसलं तर बहुधा काहीच होणार नव्हतं. त्या बहुधावर सगळी नोकरी, बोईसरमधली दोन खोल्यांची जागा, ‘गडदे सुपरवायझर’ हे नाव उभं राहू शकत होतं. आणि त्याच बहुधाच्या दुसऱ्या टोकाला तो दवाखान्यातला चेहरा होता. उरलेला दिवस भगवंतने काम केलं असं नुसतं म्हणायचं. प्रत्येक ड्रमवर तो तळहात ठेवून बघत होता, गार आहे ना. ते ड्रम गारच होते. गरम व्हायचा तो ड्रम त्याच्या तळहाताच्या टापूत नव्हता.

घरी आला तरी चपला काढायचं भान त्याला नव्हतं. साखरबाईने डबा उघडला. “अवो, खिचडी तशीच? उपास हाय म्हून बिनपाण्याचाच धरला काय?”

तो भिंतीला टेकून बसला आणि तिला सगळं सांगितलं. बोलताना त्याचा आवाज अनोळखी होत गेला. साखरबाई ऐकत राहिली. तिला जहाज ठाऊक नव्हतं, समुद्रसुद्धा तिने चिंचणीला जाऊन फारतर दोनदा पाहिला होता. पण साबुदाणा तिला ठाऊक होता. तिने डब्यातल्या खिचडीकडे पाहिलं आणि डबा हळूच, सांडू नये तसा, लांब सरकवला.

“त्या जहाजावर पोरंबाळं असत्यात?”

“खलाशी असत्यात. कुणाची तरी पोरंच की.”

“मग सांगून टाका.”

“नोकरी जाईल. पोलीससुदिक येतील.”

“येऊ द्यात,” ती म्हणाली, पण तिची बोटं पदराचं टोक पिळत होती. “मला सांगितलंसा ना? मग आता दोघं भ्यायचं.”

त्याने ज्ञानेशला फोन लावला. ज्ञानेश वाडीत होता. मागे मोटारीच्या पाण्याचा आवाज येत होता.

“बोल रे भगवंतराव! आज आठवण कशी आली?” मग सवयीने तो म्हणाला, “काय भरलंस?”

भगवंतने पहिल्यापासून सांगितलं. पाण्याचा आवाज बंद झाला. ज्ञानेशने मोटार बंद केली असावी.

“डेकखाली?”

“डेकखाली.”

“अरे देवा,” ज्ञानेश म्हणाला. “त्यात इंजिनाची ऊब. आमचं ऑफिस असतं तर मी आत्ता जाऊन त्यांचा गळा धरला असता. आता माज्याकडे एक नंबर नाय रे. जे होते ते लोक बी घरी बसले. सगळी माणसं वाडीत, आणि समुद्रात नुसती मशीन.”

“मी सांगतोय त्याला. ते म्हणतंय दिवस शुभ असो.”

“काय सांगितलंस?”

“नाव चुकलंय म्हणून.”

“चूक म्हणू नको. चुका ते रोज हजार ऐकतंय.” ज्ञानेशचा आवाज आता जुना, ऑफिसातला झाला. “त्याला बी भीती वाटती, पण त्याचे शब्द वेगले. ऑफिस बंद करताना आमच्या साहेबांनी सांगितलं होतं, काही शब्द आले की यंत्र सोडून देतं आणि माणसाला जागा करतं. आग म्हण. स्फोट म्हण. जहाजाचं नाव घे. आणि ऐक, माणूस आला की तो पहिल्यांदा तुजं नाव विचारील. ते दिल्याशिवाय पुढे काय होत नाय.”

फोन ठेवल्यावर भगवंतने पुन्हा पडदा पाहिला. बाण पालघर ओलांडून डहाणूच्या दिशेने गेला होता. आता तो त्याच्या उशाजवळ नव्हता, लांब चालला होता, आणि लांब जाणाऱ्या गोष्टीबद्दल माणसाला जे बरं वाटतं ते क्षणभर त्यालाही वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली. त्याने माइक दाबला.

“आग,” तो म्हणाला. “जहाजाला आग लागंल. साबुदाणा न्हाई तो. आग हाय ती. आग.”

चक्र फिरलं. या वेळी शुभ दिवस आला नाही. पडदा काळा झाला आणि फोन वाजला.

पलीकडे माणूस होता. श्वासावरून कळलं. लांबच्या कुठल्या तरी शहरातला, हिंदी तुटकतुटक बोलणारा, पण घाबरलेला. आणि तो घाबरलेला आहे हे ऐकून भगवंतला दिवसभरात पहिल्यांदा धीर आला.

“आपका नाम?”

समोर भिंतीवर ग्रुपवरचा तो टाळ्यांचा फोटो होता. साखरबाईने हौसेने छापून आणून लावला होता. भगवंतने त्याच्याकडे पाठ केली.

“भगवंत गडदे. लोडिंग सुपरवायझर. माझ्या हातून झालं.”

“कंटेनर में क्या है? सही नाम बोलिए. केमिकल का नाम.”

आणि इथेच तो अडला. ते नाव त्याला येत नव्हतं. एवढी वर्षं उचललं, रचलं, पाठवलं, आणि नाव येत नव्हतं. ज्ञानेशला विचारायचं तर हा फोन ठेवावा लागणार होता, आणि ठेवला की हा माणूस पुन्हा त्या दाराआड जाणार. “रुकिए, रुकिए,” तो म्हणत राहिला, खोलीत इकडे तिकडे बघत.

साखरबाई आधी उठली. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला मोरीकडे ओढलं.

मोरीत पाण्याचं पिंप होतं. बोईसरमध्ये ज्याच्या घरी कंपनीचं पिंप नाही असं घर शोधावं लागेल. भगवंतने ते, साबुदाण्याचंच रिकामं, आता सासरी असलेली पोरगी लहान असताना आणलं होतं, धुऊन धुऊन, उन्हात ठेवून. त्याच्याच पाण्याने ते सगळे अंघोळी करत होते. त्याच्या पोटावर अर्धवट खरवडलेला कागद अजून होता. साखरबाईने पदराने त्यावरचा शेवाळी थर पुसला आणि पिंप उजेडाकडे फिरवलं. आतलं पाणी डचमळलं.

भगवंत ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसला. एकेक अक्षर वाचत गेला, शाळेतल्या पोरासारखं, बोट ठेवून. पलीकडचा माणूस प्रत्येक अक्षर परत म्हणत होता. मालगाडीचा एकेक डबा समोरून जात होता. अर्धं नाव होईतो पलीकडचा माणूस पुढची अक्षरं आपणच म्हणू लागला, आणि नाव संपलं तेव्हा तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत. देवाचं नाव होतं की शिवी, भगवंतला कळलं नाही.

“लाइन पर रहिए,” तो म्हणाला. मग त्याच्या पावलांचा आवाज आला, धावतानाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा बाण गुजरातच्या बंदराबाहेर थांबलेला होता. जहाजाला आत घेतलं नव्हतं. दुपारपर्यंत तो जागचा हलला नाही. भगवंत कामावर गेला नव्हता; येऊ नका, असा संदेश पहाटेच आला होता. तो गच्चीवर बसून होता, मोबाइल गुडघ्यावर ठेवून. धूर दिसणं शक्य नव्हतं, तरी तो उत्तरेकडे बघत होता.

तिसऱ्या प्रहरी अपेक्षाचा फोन आला. तिचा मऊ आवाज कोरडा झाला होता. “काका, काढला वर, जहाजाच्याच क्रेनने. उघड्यावर ठेवलाय.”

“तापला होता?”

“बाहेरून हात लावता येत नव्हता, असं कळलंय.”

भगवंतने डोळे मिटले. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही, मधेच कुठेतरी लोंबकळत राहिला.

“माझं काय व्हईल, मॅडम?”

“चौकशी होणार. तुमची, आणि माझीसुद्धा. बोला म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला. त्याला सगळ्या भाषा कळतात म्हणाले.” ती हसल्यासारखं करायला गेली, पण ते जमलं नाही. “तुमचं लॉगिन संध्याकाळी बंद होईल. मोबाइल जमा करायचाय.”

फोन संपला. भगवंत जिना उतरून खाली आला. साखरबाई भाजी फोडणीला टाकायच्या तयारीत होती. लॉगिन अजून चालू होतं. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ॲप उघडलं, नवा कंटेनर असं दाबलं आणि माइक तोंडाजवळ धरला.

“साबुदाणा,” तो म्हणाला.

चक्र फिरलं. हिरवी खूण आली. खाद्यपदार्थ. धोक्याची चिन्हं लागत नाहीत.

जहाज थांबलं, माणसं धावली, डबा वर निघाला, आणि याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत्ता या घडीला दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये दुसरा कोणी भगवंत माइकपुढे तोंड नेत असेल. त्याने नोंद पुढे न पाठवता पुसून टाकली आणि परत अपेक्षाला फोन लावला.

“मॅडम, त्याला अजून खाऊच वाटतोय.”

तिच्या खुर्चीचा आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला.

“काका,” ती म्हणाली, “आणखी कशाकशाला नावं आहेत तुमच्यात?”

“कुठल्या शेडमधली सांगू?”

“सगळ्या. मी लिहून घेते.”

भगवंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून उभा राहिला. आधी त्याला काही आठवेना. मग एक आठवलं आणि त्यामागून बाकीची यायला लागली, जणू इतकी वर्षं दाराबाहेर उभीच होती.

“गूळ म्हनत्यात एका मालाला. आमच्या मागच्या शेडमध्ये. पाणी लागलं की धूर धरतो. ताक एक हाय, पातळ. ते अंगावर उडालं तर कातडं ऱ्हात न्हाई. बडीशेप हाय, तिची धूळ पेट घेती.”

“हळू सांगा. बडीशेप. पुढे?”

“आणि हळद.”

साखरबाईचा हात मिसळणाच्या डब्यात होता, हळदीची चिमूट भरून. तो तिथेच थांबला.

“हळदीचं काय, काका?” अपेक्षा विचारत होती. “काका? हळदीने काय होतं?”